वलांडीची जागा : मढच्या सामाईक किनाऱ्याचा परिचय

मढ हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील मच्छीमारांचे गाव अरबी समुद्र आणि मालाडची खाडी यांच्यामध्ये दक्षिणेकडे निमुळत्या होत गेलेल्या भूभागाच्या टोकाशी वसलेले असून, समोरच्या वेसाव्याहून फेरीबोटीने तेथे काही मिनिटांत पोहोचता येते, तर रस्त्याने जायचे झाल्यास मालाड-मार्वेचा मोठा वळसा घ्यावा लागतो. बाहेरच्यांना हे गाव चित्रीकरणाचे बंगले आणि सुटीचा किनारा म्हणून ठाऊक आहे. गावाचे अर्थकारण, त्याची गाणी आणि त्याच्या जमिनीचे प्रश्न मात्र ज्या एका जागेत एकत्र येतात, ती जागा म्हणजे मासळीचे वाळवण. आणि नगररचनेच्या दृष्टीने ती अभ्यासण्याजोगी असूनही तिच्याकडे एक संस्था म्हणून क्वचितच पाहिले गेले आहे.

बांबू रोवून, त्यांना आडवे बांबू व दोऱ्या बांधून उभारलेल्या ज्या मांडवीवर बोंबील वाळत घालतात, तिला वलांडी म्हणतात. बोंबील मुख्यतः डोल जाळ्यात सापडतो. डोल म्हणजे रुंद तोंडाचे, मागे निमुळते होत गेलेले पिशवीसारखे जाळे. ते समुद्रतळाशी पक्के बांधून भरती-ओहोटीच्या ओढीसमोर धरले की प्रवाहाबरोबर येणारी मासळी आपोआप आत शिरते. साहजिकच उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओढ जोरकस असताना, मासळी भरपूर येते, तर ओढ मंदावलेल्या भांगाच्या दिवसांत ती रोडावते. बोंबलाच्या अंगात पाण्याचा अंश फार असल्याने तो लवकर नासतो, आणि एकदम आलेला एवढा माल ताजा विकणे शक्य नसल्याने तो वाळवावाच लागतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. ऊन आणि खारा वारा यांच्या जोरावर काही दिवसांत तो कडक होतो. जवळा मात्र जमिनीवर पसरून वाळवतात. निवडणे, टांगणे, परतणे, सांजेला झाकणे आणि अखेरीस अंधेरीजवळच्या मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात नेऊन विकणे ही सारी कामे प्रामुख्याने कोळणींच्या हातात असल्यामुळे, वाळवणाच्या जागेचा प्रश्न हा मुळात बायकांच्या कामाच्या जागेचा प्रश्न ठरतो, ही गोष्ट आराखड्यांच्या चर्चेत सहसा मागे पडते.

या जागेचे वैशिष्ट्य असे की तिचा उपयोग हंगामागणिक बदलतो. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात, जाळी दुरुस्त होतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नवा हंगाम सुरू होतो. लग्नसराईत कोळीवाड्यांतील अशाच मोकळ्या अंगणांत हळदीचे मांडव पडतात आणि धवलारीण, म्हणजे विधीच्या प्रसंगी धवले गाणारी जाणती स्त्री, तेथे बसते. कोळीगीते आज ध्वनिमुद्रणांतून आणि रंगमंचावरून महाराष्ट्रभर पोहोचली असली, आणि त्यात ‘वेसावकर आणि मंडळी’सारख्या वेसाव्याच्या संचांचा वाटा मोठा असला, तरी त्या गाण्यांना लागणारे मूळ अंगण बुजले तर केवळ वेशभूषा उरते. कोळी संस्कृतीच्या नावाने भिंतींवर होड्या आणि लुगडी रंगवण्याची जी हौस अलीकडे शहरात दिसते, तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण रंगवलेल्या भिंतीसमोरची वाळवणाची जागा वाहनतळाला गेली असेल, तर ते चित्र जरा महागात पडले म्हणायचे.

इतिहासाच्या खुणा याच किनाऱ्यावर, चालत जाण्याच्या अंतरात आहेत. खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी पोर्तुगीजांनी बांधलेला आणि वेसावे किल्ला या नावानेही ओळखला जाणारा मढचा किल्ला १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात, मराठ्यांनी घेतला व १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आज तो वायुदलाच्या ताब्यात असल्याने परवानगीशिवाय आत जाता येत नाही, मात्र किल्ल्यालगतच्या किल्लेश्वर मंदिरात भाविक जातात. उत्तरेला एरंगळच्या किनाऱ्यावर १५७५ मधील संत बोनाव्हेंचर यांचे चर्च असून, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरणाऱ्या तेथील जत्रेला सर्व धर्मांचे लोक येतात. किल्ला, मंदिर, चर्च आणि वलांडी यांचा विचार नियोजनात मात्र वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या कागदांवर होतो.

नगररचनेच्या विचारात या विभागणीवरचा उतारा जुनाच आहे आणि तो मुंबईला परका नाही. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस यांनी, जे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते, आराखड्याआधी सर्वेक्षण असा आग्रह धरला होता. सर्वेक्षण म्हणजे केवळ मोजणी नव्हे, तर जागा, काम आणि लोक यांचे परस्परसंबंध समजून घेणे. दक्षिण मुंबईत काळा घोडा परिसरात १९९९ पासून भरणाऱ्या कलामहोत्सवाने कला आणि वारसा-संवर्धन यांची सांगड घालून दाखवली. पण तेथे संग्रहालये, कलादालने आणि आश्रयदाते आधीपासून होते. मढसारख्या ठिकाणी कला ही श्रमातून वेगळी काढता येत नाही, म्हणून तो नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही. त्यापेक्षा जवळचा दाखला पलीकडच्या तीरावर मिळतो : ‘बॉम्बे६१’ या वास्तुरचनाकारांच्या गटाने वेसाव्याच्या कोळ्यांबरोबर काम करून कवठ्या खाडीत, प्रवाहाला तोंड देणाऱ्या जाळ्यांच्या पारंपरिक जाणकारीवर आधारित, कचरा अडवणारी जाळी लावून पाहिली. येथे कोळ्यांचे ज्ञान सजावटीसाठी नव्हे, तर रचनेचे तत्त्व म्हणून वापरले गेले, आणि या प्रयोगाचे खरे मोल त्यातच आहे.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. किनारा नियमन क्षेत्राविषयीच्या २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने किनारा व्यवस्थापन आराखड्यांत मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक मालमत्ता, जेट्टी, बर्फ कारखाने आणि मासळी वाळवण्याच्या जागा स्पष्टपणे दाखवाव्यात असे सांगितले, आणि बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. अडचण अंमलबजावणीत आहे. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा प्रथम २०१५ मध्ये प्रारूप स्वरूपात आला तेव्हा त्यातील असंख्य चुकांमुळे तो फेरतपासणीसाठी परत पाठवावा लागला, आणि नवी नियमावली २०१८ मध्ये लागू झाली. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा वाद त्यानंतरही चालूच राहिला, कारण घरांची हद्द आखणे तुलनेने सोपे असते, तर जी जागा कोणाच्याच नावावर नसून सर्वांच्या वहिवाटीत असते तिची हद्द भूमी अभिलेखात सापडत नाही. जमिनीच्या एका तुकड्याला एकच उपयोग नेमून देणारी आराखड्याची रीत हीच येथे अपुरी पडते. वर्षातले काही महिने वाळवण आणि काही महिने होड्यांची दुरुस्ती चालणाऱ्या जागेला नकाशात कोणता रंग द्यायचा, याचे उत्तर तिच्याकडे नाही.

वेसावे आणि मढ यांना जोडणाऱ्या नियोजित पुलामुळे हा प्रश्न आता लांबणीवर टाकता येणार नाही. पुलाने रुग्ण, विद्यार्थी आणि मासळीविक्रेत्या स्त्रियांची सोय होईल हे निर्विवाद. त्याबरोबर जमिनीचे भाव आणि वाहनांची वर्दळही वाढेल. म्हणून सामाईक जागांची यादी गावकऱ्यांनी, विशेषतः कोळणींनी, मोजणी अधिकाऱ्यांसोबत किनाऱ्यावर फिरून तयार करावी आणि तिच्यात उपयोगाबरोबर महिनेही नोंदवावेत. ही पाहणी सुक्या मासळीच्या हंगामातच व्हायला हवी, कारण पावसाळ्यात दोऱ्या उतरवल्यावर काढलेल्या नकाशात ती जमीन मोकळीच दिसते.