न उमटलेलं वर्तुळ

जानेवारी उजाडला की महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून तुळस, कडुनिंब, लसूण आणि हळदीचा मिश्र वास येऊ लागतो. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प सुरू झालेले असतात. पाला सावलीत वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा, मेथॅनॉलमध्ये भिजवायचा, गाळून अर्क आटवायचा. मग अगारच्या प्लेटवर जिवाणू पसरून त्यात छोट्या विहिरी पाडायच्या, एकेका विहिरीत अर्काचे थेंब सोडायचे आणि प्लेट ३७ अंशांवर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी गढूळ थरात विहिरीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं की ‘झोन आला!’ अशी आरोळी उठते. पट्टी लावून मिलिमीटर मोजले जातात आणि आकडा प्रकल्पाच्या वहीत जातो. झोन आला नाही, तर अर्काची बाटली सिंकमध्ये रिकामी होते.

मला या सिंकमध्ये गेलेल्या बाटल्यांविषयी लिहायचं आहे. पण आधी झोन आलेल्या बाटलीचं बघू.

झोनची रुंदी म्हणजे औषधाची ताकद नव्हे. अगार ही पाण्याने भरलेली जाळी असते. पाण्यात विरघळणारा लहान रेणू तिच्यातून भराभर पसरतो; तेलकट किंवा थोराड रेणू विहिरीच्या काठाशीच अडतो. त्यामुळे दुबळं संयुग मोठं वर्तुळ काढू शकतं आणि जहाल संयुगाचं वर्तुळ दिसतही नाही. १९६६ साली बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी प्रमाणित केलेली चकतीची पद्धत ठरावीक प्रतिजैविकांसाठी, ठरावीक मात्रेच्या चकत्यांसाठी होती. रुग्णालयाच्या अहवालात ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं असतं तेव्हा त्या मिलिमीटरमागे ते औषध शरीरात किती पोचतं आणि रुग्ण कितपत बरे होतात याचा अभ्यास असतो. अडुळशाच्या अर्काच्या १८ मिलिमीटरमागे असं काहीही उभं नसतं.

आकडा हवा तो एमआयसीचा, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेचा. ९६ खणांची प्लेट घ्यायची, ओळीतल्या प्रत्येक खणात आधीच्या निम्मी मात्रा ठेवायची आणि दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू सोडायचे. दुसऱ्या दिवशी रेझाझुरिन हा निळा रंग टाकला की जिवंत जिवाणू त्याला गुलाबी करतात. जिथवर निळा टिकला, तो शेवटचा खण म्हणजे आपलं उत्तर. एका खणात नुसतं द्रावक हवं. नाहीतर मेथॅनॉलने मारलेले जिवाणू तुळशीच्या नावावर जमा होतात. रिओस आणि रेसिओ या स्पॅनिश संशोधकांनी २००५ मध्ये स्पष्ट मर्यादा सुचवल्या: अर्क मिलिलिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आणि शुद्ध संयुग ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल, तर ते जिवाणुरोधक म्हणून मिरवू नये. याच्या कितीतरी पट घट्ट अर्क ओतून झोन दाखवणारे प्रबंध मी वाचले आहेत. इतक्या दाट अर्कातलं टॅनिन भेटेल त्या प्रथिनाला चिकटतं. ते जिवाणूंना रोखतं, तसंच आपल्या पेशींनाही सोडत नाही.

हळदीबद्दल हे लिहिणं मला जड जातं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने हळदीचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, तेव्हाचा आनंद अजून आठवतो. पण २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी हळदीतल्या कर्क्युमिनचा मोठा आढावा घेतला आणि त्यातले निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही. हा रेणू स्वतः चमकतो, म्हणून प्रकाश मोजणाऱ्या चाचण्यांना फसवतो. अनेक प्रथिनांना सरसकट चिकटतो. शरीरात फारच थोडा शोषला जातो. परंपरेचा मान राखायचा तर तिची परीक्षा कडकच घ्यायला हवी.

आता झोन न आलेल्या बाटलीकडे येऊ.

दारुहळदीचं पिवळेपण बर्बेरिन या संयुगाचं. तिच्या काढ्यापासून वैद्य रसांजन करतात आणि डोळ्यांच्या विकारांत वापरतात. बर्बेरिनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो, तर जिवाणूच्या पेशीची आतली बाजू ऋण. म्हणजे तो आपोआप आत ओढला जायला हवा, आणि जातोही. तरीही गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर तो फार दुबळा ठरतो. कारण या जिवाणूच्या पटलात नॉर-ए नावाचा पंप बसवलेला आहे. आत आलेलं बर्बेरिन तो उपसून बाहेर टाकतो. बोटीत पाणी शिरतंय आणि खलाशी ते सतत उपसतोय, तसंच हे.

अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ फ्रँक स्टर्मिट्झ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किम लुइस यांना वेगळा प्रश्न पडला. जे झुडूप बर्बेरिन बनवतं, त्याने या पंपाचा बंदोबस्त केला नसेल का? दारुहळदीच्या अमेरिकी भाऊबंदांचे अर्क त्यांनी वेगवेगळ्या भागांत विभागले आणि प्रत्येक भाग बर्बेरिनच्या अशा मात्रेबरोबर तपासला, जी एकटी जिवाणूंना रोखू शकत नाही. एका भागाने वाढ थांबवली. त्यातून सापडलेल्या संयुगाचं नाव ५-प्राइम-मेथॉक्सिहायड्नोकार्पिन. हे एकटं दिलं तर जिवाणूंवर काहीच परिणाम नाही, अगदी शून्य. पण ते पंप बंद पाडतं, बर्बेरिन पेशीत साठत जातं आणि जिवाणू हरतो. हा शोध २००० साली प्रसिद्ध झाला.

आमच्या जानेवारीतल्या पद्धतीने हेच संयुग तपासलं असतं, तर झोन उमटला नसता आणि बाटली सिंकमध्ये गेली असती.

या संयुगाचं लांबलचक नाव आपल्याला घराजवळ आणून सोडतं. हायड्नोकार्पस म्हणजे सह्याद्रीतलं कडू कवठ. ओढ्याकाठी वाढणारं, गोल कठीण फळांचं, बियांत तेल साठवणारं झाड. स्टर्मिट्झ-लुइस यांना सापडलेला रेणू त्याआधी याच जातकुळीच्या तेलात, चौलमुग्राच्या तेलात, अल्प प्रमाणात नोंदला गेला होता. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्रकाठच्या ‘तुवरक’ वृक्षाचं तेल कुष्ठावर सांगितलं आहे. तुवरक म्हणजे कडू कवठ असं मानलं जातं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर कुष्ठरोगावर हेच तेल देत. ते प्यायलं तर मळमळ आणि उलट्या, टोचलं तर जागच्या जागी गाठी. हवाईतल्या ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्या तेलापासून शरीरात मुरेल असं इथाइल एस्टर तयार केलं. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी ती वारली, आणि तिच्या कामाचं श्रेय बराच काळ दुसऱ्याच्या नावावर राहिलं. चाळीसच्या दशकात सल्फोन औषधं आली आणि तेल मागे पडलं.

हे तेल कुष्ठरोगाच्या जिवाणूवर नेमकं कसं चालतं, हे प्लेटवर बघायची सोयच नव्हती. हान्सेनने १८७३ मध्ये शोधलेला हा जिवाणू आजवर कुठल्याही कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. बाबा आमटे कोलकात्याला कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करत होते, तेव्हा याच अडचणीपायी त्यांनी प्रयोगासाठी स्वतःचं शरीर पुढे केलं आणि जिवाणू टोचून घेतले. रोग जडला नाही. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात आणि १९७१ मध्ये आर्मडिलो या प्राण्यात तो वाढवता आला, तेव्हा कुठे वाट निघाली. कडू कवठाच्या तेलाचा गुण या पंपरोधकाचा, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पंपरोधकाचं अजून औषधही झालेलं नाही. सर्पगंधेतलं रेझर्पिनसुद्धा नॉर-ए अडवतं, पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला देता येत नाही.

तरी जोडीने काम करणारं संयुग औषधाच्या गोळीपर्यंत पोचल्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. जम्मूच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवलं, की मिरी-पिंपळीतलं पायपेरिन स्टॅफिलोकॉकसवर सिप्रोफ्लॉक्ससिनची ताकद वाढवतं. त्याच प्रयोगशाळेच्या कामातून क्षयरोगावरची एक गोळी २००९ मध्ये बाजारात आली. तिच्यात नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन आणि सोबत १० मिलिग्रॅम पायपेरिन आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट मारली, असा अंदाज आहे. नवी प्रतिजैविकं बोटावर मोजण्याइतकी येत असताना, जुन्यांना पुन्हा धार लावणारं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

त्याची पहिली पायरी मात्र प्रयोगशाळेच्या बाहेर आहे. बाजारात दारुहळद मागितली, तर दक्षिणेकडची झाडी हळदही पदरात पडते. बर्बेरिन दोन्हींत आहे, पण कुळं वेगळी. सोबतची संयुगं सारखी असतील असं धरून चालता येत नाही. म्हणून फांदी स्वतः तोडावी, ठिकाण आणि तारीख लिहावी, नमुना दाबून वाळवावा आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी ओळख पटवून घ्यावी.

आणि यंदा प्रकल्पाला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझी विनंती आहे. झोन न आलेली बाटली ओतून देऊ नका. तिच्यावर झाडाचं नाव, गाव आणि तारीख लिहून ती फ्रीजमध्ये ठेवा. मग ज्या प्रतिजैविकाला जिवाणू दाद देत नाही, ते थोड्या मात्रेत सोबत घेऊन तिची परीक्षा पुन्हा एकदा घ्या.