वेदगंगेच्या काठी घराचा विमा : पैसे कुठे वाचवावेत, कुठे वाचवू नयेत

सीमाभागातलं घरखर्चाचं गणित : लेखांक 8

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. महामार्ग बंद पडला म्हणून त्याची बातमी सगळीकडे छापून आली. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे बंधारे तर बहुतेक पावसाळ्यात पाण्याखाली जातात. त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. एवढं पाणी पाहिलेल्या या पट्ट्यात गाडीचा विमा घरोघरी आहे, कारण तो कायद्यानं घ्यावाच लागतो. घराचा विमा असलेलं घर मात्र शोधावं लागतं.

‘सरकार देईल की’ हे त्यामागचं पहिलं कारण. 2019 च्या महापुरानंतर कर्नाटक सरकारनं पूर्ण पडलेल्या घरासाठी 5 लाख रुपये जाहीर केले, आणि घरात पाणी शिरलेल्यांना तातडीचे 10 हजार. आपत्ती निधीच्या तेव्हाच्या केंद्रीय निकषात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला मैदानी भागात 95,100 रुपयेच बसत होते. म्हणजे 5 लाख हा राज्य सरकारचा त्या वेळचा निर्णय होता. पुढच्या पुरात तो तसाच होईल असं गृहीत धरता येत नाही. शिवाय ज्याचं घर उभं राहिलं पण फ्रीज, गाद्या, कपाट आणि वर्षाचं धान्य चिखलात गेलं, त्याला ते 10 हजार किती पुरले असतील हे वेगळं सांगायला नको.

विमा नियामक म्हणजे ‘इर्डाई’नं 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकायला लावली. आग, वीज पडणं, वादळ, पूर, घरात पाणी शिरणं, भूकंप, दरड कोसळणं, जमीन खचणं, दंगल हे सगळं तिच्यात मुळातच धरलेलं आहे. कंपनी कुठलीही असली तरी कलमं तीच, त्यामुळे तुलना फक्त हप्त्याची आणि सेवेची करायची. विमा घेणाऱ्याच्या दृष्टीनं ही फार मोठी सोय आहे. एजंट दुसरी एखादी ‘खास’ पॉलिसी पुढे करत असेल, तर आधी ‘भारत गृह रक्षा’चा हप्ता विचारा आणि जादा पैशात नेमकं काय जास्त मिळतं ते लिहून मागा.

आता विमा किती रकमेचा घ्यायचा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. बेळगावात टिळकवाडीसारख्या भागात घराची बाजारातली किंमत सांगताना त्यात जागेचीच किंमत मोठी असते. जागा पुरात वाहून जात नाही की आगीत जळत नाही. विमा घ्यायचा तो घर पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाचा : चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. 1,000 चौरस फूट घर आणि 1,800 रुपये दर धरला तर 18 लाख. जागेसकट 70 लाख लिहिले, तर वरच्या 52 लाखांवरचा हप्ता फुकट जातो, कारण भरपाई बांधकामाच्या खर्चाचीच मिळते. तुमच्या गावचा खरा दर जाहिरातीत सापडणार नाही, तो गवंड्याला किंवा कंत्राटदाराला विचारा.

उलट हप्ता वाचवायचा म्हणून हाच आकडा खाली ओढणारेही आहेत. रक्कम थोडी कमी लिहिली गेली म्हणून या पॉलिसीत दाव्याला त्या प्रमाणात कात्री लावत नाहीत, ही चांगली तरतूद आहे. पण लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही, आणि घर पडल्यावर सळई-सिमेंट आजच्याच भावानं घ्यावं लागतं. अशा घराचा वर्षाचा हप्ता साधारणपणे शेकड्यांत असतो. त्यातून शंभर-दोनशे वाचवायला विमा रक्कम कमी करणं हा घाट्याचा सौदा आहे.

इमारतीबरोबर सामानाचा विमाही त्यात आपोआप येतो : इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, तेही वस्तूंची यादी न देता. वरच्या उदाहरणात 3 लाख 60 हजार. दागिने त्यात नाहीत. त्यांची किंमत ठरवून वेगळा हप्ता भरावा लागतो. ते बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर घराच्या पॉलिसीत तो खर्च कशाला? घर राहण्याजोगं होईपर्यंत दुसरीकडे द्यावं लागणारं भाडंही इमारतीच्या विम्यात धरलेलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

कर्ज काढून घर बांधलं असेल तर बँकेनं कापलेल्या विम्याचा कागद आजच शोधून वाचा. पुष्कळदा तो घराचा नसून कर्जदाराच्या आयुष्याचा निघतो. घराचा असलाच, तर तो कर्जाच्या रकमेपुरता आणि सामानाशिवाय आहे का ते बघा. दुसरी पॉलिसी घेण्याआधी पहिलीत काय आहे हे कळलं तर दुहेरी हप्ता वाचतो. बँक सांगेल त्याच कंपनीकडून विमा घ्यायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. पॉलिसी 10 वर्षांपर्यंतची मिळते, दीर्घ मुदतीत विमा रक्कम दर वर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते. त्या मुदतीवर सूट किती, हे दोन-तीन कंपन्यांत विचारून पाहावं. हप्त्यावर 18 टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये माफी मिळाली ती वैयक्तिक आयुर्विम्याला आणि आरोग्य विम्याला, घराच्या विम्याला नाही. म्हणून दर विचारताना करासकट विचारा.

यात काय येत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. साधी घरफोडी येत नाही. पुरासारख्या घटनेनंतर 7 दिवसांत झालेली चोरी तेवढी येते. एरवीसाठी चोरीचा विमा वेगळा. झिरपणारी स्लॅब, ओल, जुनेपणानं पडलेल्या भेगा येत नाहीत. बेळगाव-खानापूर भागात संततधारेत मातीच्या जुन्या भिंती कोसळतात, तिथे खरा वाद होतो : पाणी शिरल्यामुळे भिंत गेली की जीर्ण होती म्हणून? तुमच्या घराच्या भिंती मातीच्या असतील, छप्पर जुनं असेल, तर प्रस्तावात तसं स्वच्छ लिहा आणि कंपनीचं उत्तर लेखी घ्या. वडगाव, खासबागच्या विणकरांनी आणि घरातच तंबाखू साठवणाऱ्या निपाणीकरांनी माग, सूत किंवा तंबाखूचे बोद ‘घरगुती सामाना’त धरून चालू नये. धंद्याच्या मालासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे. आणि उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल, तर विमा कुणाच्या नावानं काढायचा हे आधी विचारून घ्या, दाव्याच्या वेळी नव्हे.

नुकसान झालंच तर तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विमा कंपनीचा सर्व्हेअर वेगळा येतो. दोघांनाही कळवावं लागतं. चिखल काढण्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण, प्रत्येक खोली आणि खराब झालेली प्रत्येक वस्तू मोबाईलवर चित्रित करा. पॉलिसीचा फोटो कागल-कोल्हापूरच्या नातेवाइकाच्या फोनवरही ठेवा.

सीमाभागातल्या माणसाला आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची; तीही फेटाळली किंवा तिला महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही आणि लोकपाल 50 लाखांपर्यंतचा निवाडा देऊ शकतो. तक्रार राहत्या पत्त्यावरून किंवा कंपनीच्या शाखेवरून, दोन्ही प्रकारे करता येते. निपाणीकराचा लोकपाल बंगळूरला. पण पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून घेतली असेल, तर पुण्याच्या लोकपालाकडेही दाद मागता येते, आणि तिथे मराठीत बोलणं सोपं जातं. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

नदी पात्राबाहेर पडल्यावर कोणती कंपनी तुमचा प्रस्ताव स्वीकारेल याचा भरवसा नाही. म्हणून मृगाच्या आधी तीन कंपन्यांचे दर मागवा आणि हप्ता भरून पॉलिसी हातात घ्या. पुढच्या आठवड्यात शेतातल्या मोटारपंपाच्या आणि जनावरांच्या विम्याबद्दल पाहू.