गढूळ पाण्यातला गळ

मृगाचा पाऊस दोन दिवस झोडपून गेला आणि ओढ्याला तांबडे पाणी आले, की वापसा येईपर्यंत शेतात पाऊल घालता येत नाही. औत उभे, बैल दावणीला. अशा वेळी घरातली पोरे गळाची काठी घेऊन बंधाऱ्याकडे पळतात आणि ओसरीवरची वडीलधारी मंडळी म्हणतात, "अरे, या गढूळ पाण्यात कसला मासा लागतोय? पाणी निवळू द्या."

शेतकरी बंधू-भगिनींनो, याबाबतीत पोरांचेच बरोबर आहे. गढूळ पाण्यात मासा लागतो. मात्र बसायचे कुठे, गळाला लावायचे काय आणि कोणत्या माशाला हात लावायचा नाही, एवढे माहीत असले पाहिजे. यांतली तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आधी माशाचे पाहू. पाणी गढूळ झाले म्हणजे मासा आंधळा झाला, असे समजू नये. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक ठिपक्यांची एक ओळ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली बारीकशी थरथरसुद्धा मासा या रेषेने ओळखतो. शिंगाळा, मागूर, शिंगी या मिशीवाल्या माशांना तर डोळ्यांची फारशी गरजच नाही. वास आणि मिशांना कळणारी चव यांवर ते रात्रीच्या अंधारातही भक्ष्य शोधतात. शिवाय नव्या पाण्याबरोबर रानातली गांडुळे, किडे, मुंग्या वाहून येतात. माशाच्या दृष्टीने ती जत्राच असते.

अमेरिकेत बास नावाचा मासा आहे. शेततळ्यात सोडायला तिकडच्या शेतकऱ्यांचा हा लाडका मासा. त्याचा स्वभाव पुष्कळसा आपल्या मरळीसारखा, दबा धरून बसायचे आणि बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की गिळायचा. गढूळ पाण्यासाठी तिथले लोक गडद, काळपट रंगाचे आणि पाण्यात थरथरणारे किंवा खुळखुळणारे आमिष वापरतात. अंधूक उजेडात काळी आकृती उठून दिसते आणि थरथर पार्श्वरेषेला कळते. २ जून १९३२ रोजी, मंदीच्या दिवसांत, जॉर्जिया राज्यातला जॉर्ज पेरी हा तरुण शेतकरी पावसामुळे शेत नांगरता येईना म्हणून मित्राबरोबर मासे धरायला गेला. त्याला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास मिळाला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याच्या तोडीचा मासा सापडेपर्यंत ७७ वर्षे तो विक्रम पेरीच्या एकट्याच्या नावावर होता. मासा मात्र घरच्यांनी तेव्हाच शिजवून खाल्ला. शेतकऱ्याचे घर इथून तिथून सारखेच!

आता आपल्या ओढ्यावर या. पुराच्या मुख्य धारेत मासा थांबत नाही, तिथे त्याची ताकद खर्च होते. तो काठाला, संथ पाण्याला येतो. मोरीच्या मागचा डोह, बंधाऱ्याचा कोपरा, पाण्यात वाकलेली बाभळीची फांदी, लव्हाळ्याची किंवा पाणकणसाची कड या त्याच्या जागा. एखादा निवळ झरा गढूळ पाण्याला जिथे मिळतो, ती जागा तर सोडूच नये. गढूळ पाण्यात मासा उथळाला यायला भीत नाही. म्हणून गळ लांब फेकण्यापेक्षा गुडघाभर खोलीत, काठाशी टाकावा. पाय न आपटता जावे, कारण जमिनीचा हादरा पाण्यात पोचतो.

तंगूस थोडा जाड असला तरी चालतो, माशाला तो दिसत नाही. तरंगायला ज्वारीच्या धाटाच्या भेंडाचा तुकडा पुरतो. शिंगाळा आणि वाम यांच्यासाठी दोन-तीन गांडुळे एकत्र ओवून गळ तळाला टेकवावा. कोंबडीची आतडीही उत्तम, तिचा वास लांब जातो. मरळीसाठी लहान बेडूक किंवा मासोळी पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवून हळूहळू हलवावी. आणि घाई करू नये. निवळ पाण्यात मासा आमिष पाहून धावतो, गढूळ पाण्यात ते हुंगत, चाचपत येतो. एका जागी दहा-पंधरा मिनिटे तरी काढावीत.

शिंगाळ्याच्या आणि शिंगीच्या काट्यांपासून जपावे. शिंगीचा काटा विषारी असतो. टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने ठणका उतरतो. त्रास वाढला तर डॉक्टरकडे जावे. आणि पाणी चढत असताना ओढ्यात उतरून उभे राहू नये. वर डोंगरात किती पाऊस झाला हे खाली कळत नाही.

चढणीचे मासे

पहिल्या मोठ्या पावसात मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरात चढतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-रायगडकडे वलगणीचे. लोक रात्री बत्ती घेऊन निघतात. काठी, कोयता, टोपली, मिळेल त्याने मासे धरतात. गाव जागे असते आणि पोरांची तर चंगळ. हा आनंद मी पाहिलेला आहे आणि गाबोळीची चवही मला ठाऊक आहे. तरीही स्पष्ट सांगतो, हे मासे खायला मिळावेत म्हणून वर येत नाहीत, अंडी घालायला येतात.

एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीत सुमारे दोन लाख अंडी असतात. पाणी अनुकूल असेल तर ती पंधरा-अठरा तासांत उबतात. म्हणजे एक रात्र मादी वाचली तर दुसऱ्या दिवशी ओढ्यात पिलेच पिले. आपण पेरणीच्या दिवशी बियाण्याची कणगी फोडून भाकऱ्या भाजत नाही. मग इथे का?

कोणी म्हणेल, मत्स्यबीज तर आता विकत मिळते. मिळते, पण कोणाचे? डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून रोहू, कटला, मृगळ यांच्या बियाण्यासाठी नदीवर विसंबून राहावे लागत नाही. आपल्या ओढ्यातल्या शिवड्याचे, खवलीचे, वामीचे बी मात्र बाजारात मागून मिळत नाही. ते ओढ्यातून गेले की गेले.

मासे अजिबात धरू नका असे मी म्हणणार नाही. तसे सांगितलेले कोणी ऐकतही नाही. पण पहिल्या दोन-तीन रात्री सोडाव्यात. बांबूचा सापळा लावायचा तर अर्धा ओढा मोकळा ठेवावा, आडवा बांध घालून सगळी वाट अडवू नये. पोट फुगलेली मादी हाती आली तर वरच्या बाजूला सोडावी. अंडी घालून मासे परत खाली उतरतात, तेव्हा ते धरायला हरकत नाही. ग्रामसभेत असा ठराव एकदा झाला तर पुढे भांडण राहत नाही.

मरळीचेही असेच. तळ्यात वरच्या थराला तांबूस पिलांचा घोळका हलताना दिसला, तर खाली नर-मादी राखण करीत आहेत असे समजावे. त्या वेळी मरळ चिडून कशावरही झडप घालते, म्हणून सहज सापडते. ती काढली की घोळका इतर माशांच्या पोटात जातो. एका मरळीच्या कालवणासाठी शेकडो मरळी गमावण्यात कसला शहाणपणा?

विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. तरी कीटकनाशकाचा डबा डोहात ओतणारे महाभाग अजून भेटतात. तेच पाणी खाली गुरे पितात, हे त्यांना दिसत नाही. तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारे तर स्वतःचा जीवही धोक्यात घालतात. फवारणीनंतर ओढ्यात मेलेले मासे तरंगताना दिसले, तर ते घरी आणू नयेत.

तळे कायमचे गढूळ असेल तर

पुराचे गढूळपण चार दिवसांचे. पण काही मातीच्या शेततळ्यांचे पाणी बारा महिने चहासारखे असते. अशा तळ्यात गळ टाकून काय मिळणार? ओक्लाहोमातल्या शेततळ्यांची पाहणी १९५६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात निवळ तळ्यांत गढूळ तळ्यांपेक्षा साडेपाच पट वजनाचे मासे आढळले, आणि सर्वाधिक फटका बासलाच बसला होता. चिखलामुळे ऊन आत शिरत नाही, हिरवे शेवाळ वाढत नाही आणि माशाचे खाद्यच तयार होत नाही.

एका काचेच्या बाटलीत तळ्याचे पाणी भरून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी गाळ बसून वर पाणी स्वच्छ दिसले, तर माती बाहेरून वाहून येते आहे. काठावर गवत लावा आणि पाणी आत शिरते तिथे गाळ अडवणारा छोटा खड्डा घ्या. पाणी तसेच मातकट राहिले, तर ती काळ्या जमिनीची बारीक चिकणमाती आहे आणि ती लवकर बसत नाही. अशा तळ्यात गुरे उतरू देऊ नका. सायप्रिनस मासाही फार सोडू नका, तो तळ उकरून पाणी आणखी गढूळ करतो. कटला-रोहूची बोटुकली सोडण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात ही बाटली घेऊन जा आणि किती नग सोडायचे ते तिथेच विचारून घ्या.