खालच्या पट्टीतली भांडणं

वाद्यामागची माणसं : भाग ९

गेल्या आठवड्यात ड्रमवाल्यांबद्दल लिहिताना एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. ड्रमवाल्याचं बँडमध्ये सगळ्यांत जास्त जमतं आणि सगळ्यांत जास्त बिनसतं ते एकाच माणसाशी, बेस गिटार वाजवणाऱ्याशी. हा माणूस स्टेजवर बहुधा मागे, ड्रमच्या शेजारी उभा असतो आणि पोस्टरवर कडेला. पण दोन बेसवाले भेटले आणि वाद्याचा विषय निघाला, की रात्र सरते. तारा किती जुन्या असाव्यात, चार असाव्यात की पाच, त्या बोटांनी छेडाव्यात की पिकनं, यावर ही माणसं हमरीतुमरीवर येतात. बाहेरच्याला हे सगळं किरकोळ वाटतं. मला मात्र या सगळ्या भांडणांच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो : बेसवाल्यानं ऐकू किती यावं?

आधी वाद्य समजून घेऊ. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या जाड तारेपेक्षा बरोबर एक सप्तक खाली. पूर्वी हे काम माणसाच्या उंचीच्या डबल बेसकडे होतं. डबल बेस गावोगाव न्यायचा म्हणजे हमालीच. शिवाय ड्रम आणि विजेच्या गिटारी जोरात वाजायला लागल्यावर तो ऐकूच येईना. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरनं यावर उपाय काढला. हा गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवत नसे. त्यानं ३४ इंच लांबीच्या तारांचं, खांद्याला अडकवायचं वाद्य केलं आणि त्याच्या मानेवर सतारीसारखे पडदे बसवले. डबल बेसवर सूर कानानं शोधावा लागतो, इथे बोट पडद्यामागे ठेवलं की सूर नेमका लागतो. म्हणून नाव ‘प्रिसिजन बेस’. १९६० मध्ये फेंडरनं दुसरं वाद्य आणलं, ‘जॅझ बेस’ : मान सडपातळ, पिकअप (तारांचं कंपन टिपणारे भाग) दोन.

बेसवाल्यांतली पहिली फाळणी इथे झाली. प्रिसिजनचा आवाज जाड, गोलसर आणि थोडा मुका. जॅझ बेसला किंचित नाकातला सूर आहे, पण तो बोलतो. दुकानात एकट्यानं वाजवून पाहिलं तर जॅझ बेस जास्त आवडण्याची शक्यता आहे. रेकॉर्डिंग करणाऱ्याला विचारलंत तर तो बहुधा प्रिसिजन मागेल, कारण गिटार, कीबोर्ड आणि गायक यांच्या गर्दीत त्याला ठरलेली जागा आहे. एकट्यानं ऐकताना बरा वाटणारा आवाज आणि वाद्यमेळात बरोबर बसणारा आवाज हे वेगळे असतात. तबल्याच्या मैफलीत लोक दाद चाटेला देतात, पण डग्गा काढून घेतला की ठेक्याचं वजनच जातं, तसंच हे.

आता तारांकडे येतो, कारण खरी धुमश्चक्री तिथे आहे. तारा दोन जातींच्या. एक चपट्या गुंडाळीची, वरून गुळगुळीत, आवाज दबका. दुसरी गोल गुंडाळीची, बोटाला खरखरीत लागणारी, आवाज खणखणीत. चपट्या तारांच्या पंथाचा देव जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत साठच्या दशकात ज्या असंख्य गाण्यांनी अमेरिका नाचली, त्यांतल्या बहुतेकांची बेस त्याची. त्याच्याकडे १९६२ सालची एक प्रिसिजन होती. तिच्यावर जाड चपट्या तारा होत्या आणि त्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे. तारांवर साचलेला मळ हाच आवाजाचा मसाला आहे, असं त्याचं मत असल्याचं सांगतात. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, म्हणजे सूर लांबत नाही, ठोका पडतो आणि संपतो. मूळचा डबल बेसवाला असल्यानं उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, वापरायचा. त्या एका बोटानं त्यानं जे काही केलं ते आजही चार बोटांच्या विद्यार्थ्यांना सहज उतरवता येत नाही. गाण्याला तो धक्का लावत नसे, पण गाण्याच्या खाली त्याची स्वतःची चाल अखंड चालू असे.

त्याचं नाव मात्र तेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं. मोटाउनच्या वेष्टनांवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती; मार्विन गेच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ती प्रथम ठळकपणे आली. पुढे कंपनी लॉस एंजेलिसला गेली, जेमरसनही गेला, पण तिथे नव्या चकचकीत आवाजाचा जमाना सुरू झाला होता आणि तो तारा बदलायला तयार नव्हता. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला तेव्हा तो तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. त्याची ती प्रिसिजन त्याच्या मृत्यूच्या जरा आधीच चोरीला गेली होती.

गोल तारांच्या पंथाचा मूळपुरुष इंग्लंडातला जॉन एंटविसल, ‘द हू’ बँडचा. जेमरसनच्या बरोब्बर उलटा प्राणी. त्याच्या एका बाजूला कीथ मूनसारखा थांबायचं नावच न घेणारा ड्रमर, दुसऱ्या बाजूला भिंतीएवढे अँप लावून वाजवणारा पीट टाउनशेंड. अशा बँडमध्ये दबका आवाज म्हणजे गैरहजेरी. १९६५ च्या ‘माय जनरेशन’मध्ये त्यानं चक्क बेसचे एकल तुकडे वाजवले. त्यामागची त्यानंच सांगितलेली हकिकत मजेदार आहे. त्याला हव्या असलेल्या पातळ, खणखणीत तारा डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या बेसवर होत्या आणि त्या सुट्या मिळत नव्हत्या. तार तुटली की तो नवी बेसच विकत आणायचा. शेवटी दुकानातला साठा संपला आणि गाणं जॅझ बेसवर ध्वनिमुद्रित झालं. पुढच्या वर्षी त्यानं रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीला गाठून मनासारख्या गोल तारा करून घेतल्या. आज दुकानातून येणाऱ्या बहुतेक नव्या बेसवर त्याच जातीच्या तारा असतात.

म्हणजे जुन्या पठडीचे लोक चपट्या तारा वापरतात आणि जोरकस रॉकवाले गोल, असं समीकरण मांडायचा मोह होतो. आयर्न मेडन बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस ते मोडतो. घोड्याच्या टापांसारख्या पळत्या बेससाठी ओळखला जाणारा हा माणूस चपट्या तारा वापरतो, पण त्या सतत नव्या घालतो! जेमरसन आणि हॅरिस या दोघांकडे प्रिसिजन, दोघांकडे चपट्या तारा. ऐकताना मात्र नातं ओळखू येत नाही. बोटाचा जोर, अँप, तारांची उंची आणि कोणत्या ड्रमरबरोबर उभे आहात, यानं निम्म्याहून जास्त आवाज ठरतो. हे माहीत असूनही बेसवाले जुन्या लाकडावर लाखो रुपये का घालवतात, हा प्रश्न विचारून मी बऱ्याच जणांचा रोष पत्करला आहे.

या वादात मला सर्वांत शहाणा वाटणारा माणूस पीनो पॅलडिनो, वेल्समधला. १९८३ मध्ये पॉल यंगनं मार्विन गेचं एक जुनं गाणं नव्यानं गायलं. त्यात पॅलडिनोची बिनपडद्यांची बेस इतकी पुढे आहे, की सुरुवातीला तीच गाते. ऐंशीच्या दशकात तो आवाज त्याची ओळख झाला. मग डीअँजेलोच्या २००० सालच्या ‘वूडू’ अल्बमसाठी तोच माणूस प्रिसिजन आणि चपट्या तारा घेऊन बसला आणि ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत, जवळजवळ अदृश्य होऊन वाजवू लागला. आणि २००२ मध्ये एंटविसल दौऱ्याच्या तोंडावर वारला तेव्हा ‘द हू’मध्ये त्याच्या जागी काही दिवसांत उभा राहिला तोही हाच. त्याच्या नावावर पंथ निघाला नाही, याचं कारण हेच असावं.

बोटं की पिक, हा वाद मला फारसा गंभीरपणे घ्यावासा वाटत नाही. पिक म्हणजे अर्धवट गिटारवाला, असे टोमणे मारणाऱ्यांनी कॅरल के या बाईंचं काम ऐकावं. त्या मूळच्या गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आला नाही म्हणून बेस हातात घेतली आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत ठाण मांडलं. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’वर त्या आहेत. पिक, चपट्या तारा, तारांवर फेल्टचा तुकडा. मोटाउनच्या काही गाण्यांवर बेस आपणच वाजवली, असा त्यांचा दावा आहे. जेमरसनचे चाहते तो साफ नाकारतात. नावं छापली नाहीत की असे वाद पन्नास-साठ वर्षं चालतात.

अंगठ्यानं तार आपटून वाजवायची तऱ्हा, म्हणजे स्लॅप, ही तर गरजेतून आली. लॅरी ग्रॅहम सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या आईबरोबर वाजवायचा आणि त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. अंगठ्यानं आपटून त्यानं मोठ्या ड्रमचं काम केलं, बोटानं तार ओढून सोडत छोट्या ड्रमचं. पुढे स्लाय अँड द फॅमिली स्टोनमधून ती जगभर गेली. आज ड्रमर शेजारी बसलेला असताना सारखी आपटाआपटी करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. मुंबईची मोहिनी डे ही स्लॅप करते तेव्हा मात्र गोष्ट वेगळी असते. घरात बेस वडिलांची, तयारी कोन्नकोलच्या बोलांची. त्यामुळे तिच्या अंगठ्यात तालाचा हिशेब असतो.

तारांच्या संख्येबद्दल बेसवादक अँथनी जॅक्सनचं म्हणणं सरळ होतं. गिटारच्या घराण्यातलं वाद्य आहे तर तारा सहाच हव्यात. लिओ फेंडरनं डबल बेस डोळ्यापुढे ठेवला म्हणून चार राहिल्या. जॅक्सननं १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांची बेस करून घेतली. तर्क मला बिनतोड वाटतो. तरी स्टुडिओत चारवाल्यांचं राज्य आहे आणि पाचवी खालची तार मुख्यतः हेवी मेटल बँडना आणि सिंथेसायझरशी जुळवून घेणाऱ्यांना लागते.

बँडबद्दलची बेसवाल्यांची मतं ऐकायला सर्वांत मजा येते, कारण ती लोकप्रियतेशी फटकून असतात. मेटालिकाचा १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम जगानं डोक्यावर घेतला. बेसवाल्याला विचारा, त्याच्या कपाळाला आठ्या पडतील, कारण त्यात बेस ऐकूच येत नाही. १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बसच्या अपघातात बँडचा बेसवाला क्लिफ बर्टन गेला आणि त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. त्याचा हा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम. मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननं पुढे मुलाखतींत सांगितलं, की ड्रमर लार्स उलरिकच्या सांगण्यावरून बेस खाली ओढावी लागली. पण त्यात एक तांत्रिक बाजूही आहे. गिटारींना इतका खालचा भार दिला होता आणि न्यूस्टेड त्यांच्याच फ्रेजा इतक्या तंतोतंत वाजवत होता, की बेसला स्वतःची जागाच उरली नव्हती. थोडक्यात, त्याला दाबलंही आणि तो झाकलाही गेला. चाहत्यांनी आवाज वाढवून या अल्बमच्या स्वतःच्या आवृत्त्या केल्या आहेत.

उलट, प्रिन्सनं १९८४ च्या ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मधून बेस संपूर्ण काढूनच टाकली, तरी त्याच्यावर बेसवाले फारसे रागावत नाहीत. तिथे रिकामी जागा विचार करून ठेवलेली आहे. बॉब मार्लीचा बेसवाला अॅस्टन बॅरेट याच कारणासाठी वंद्य. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा ड्रमर सोडून देतो, आणि बॅरेट कुठे वाजवत नाही हे ऐकायला लोक त्याच्या गाण्यांकडे परत जातात. बेसवाल्यांची रुची इथे कळते. त्यांना बँड आवडतो तो ड्रम आणि बेस यांच्यातल्या अंतरावरून; गायक कोण हे बऱ्याचदा नंतर.

मुंबईच्या सिनेसंगीताचं जेमरसनच्या कथेशी एक नातं आहे. तिथेही तबकडीवर नाव संगीतकाराचं, गीतकाराचं, गायकाचं, वाजवणारे निनावी. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांची बेस ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली त्या टोनी वाझ यांचं नाव किती रसिकांना सांगता येईल? चरणजित सिंग यांचं नावही जगाला उशिरा कळलं, तेही बेससाठी नाही. त्यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवलेल्या दहा रागांमुळे.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे : ऐकू किती यावं? मी चपट्या, जुन्या तारांच्या बाजूचा. पण काळ माझ्या विरुद्ध आहे आणि त्याला कारण फोन. फोनचा टिचभर स्पीकर ४१ कंपनांचा सूर काढूच शकत नाही. आपल्या कानाला मिळतात त्या सुराच्या पटीतल्या बऱ्याच वरच्या कंपसंख्या, आणि त्यांवरून मेंदू मूळ सूर स्वतः उभा करतो. गोल तारांत हा वरचा भाग भरपूर असतो, म्हणून एंटविसल फोनवरही सापडतो. चपट्या जुन्या तारांत तो कमी, म्हणून जेमरसन तिथे अर्धा विरतो. मोटाउनवाले गाणी मोटारीतल्या छोट्या रेडिओ-स्पीकरवर तपासून पाहत, पण तो स्पीकरही आजच्या फोनच्या स्पीकरपेक्षा मोठा होता.

म्हणून वाचकांना विनंती : या आठवड्यात ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, मग ‘जस्टिस’मधलं कुठलंही एक गाणं आणि बर्मनांचं आपल्या आवडीचं एक, एवढी तीन बऱ्या हेडफोनवर ऐका. गायकाकडे दुर्लक्ष करा. ड्रमवाल्याच्या पायाच्या ठोक्याबरोबर खालचा सूर कुठे सुरू होतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे थांबतो, तेवढंच पाहा. पुढचा भाग कीबोर्डवाल्यांचा आहे. बेसवाल्याच्या जागेत डावा हात घालण्याबद्दल त्यांच्यावर जे आरोप होतात, ते तिथे पाहू.