तुकड्यांच्या मधली जागा

माझ्या मामांकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. घराची सगळी कागदपत्रं त्यात आहेत. १९९४ सालचं नोटरी केलेलं साठेखत, पैसे दिल्याच्या तीन पावत्या, कुलमुखत्यारपत्राची झेरॉक्स आणि वहीच्या रेघांच्या कागदावर बॉलपेननं काढलेला एक नकाशा. नकाशात चौकोनांच्या चार ओळी, प्रत्येक ओळीत नऊ. एकूण छत्तीस चौकोन. ओळींमधून जाणाऱ्या दोन पट्ट्यांवर लिहिलंय, ‘रस्ता १० फूट’. अठराव्या चौकोनात मामांचं नाव आहे. शहराच्या हद्दीला टेकलेल्या एका एकराच्या ज्वारीच्या रानाचं हे वाटप. चुन्यानं रंगवलेले दगड रोवले गेले आणि त्या दिवसापासून मामा ‘जागावाले’ झाले.

हा नकाशा मी लहानपणापासून पाहत आलो. त्यात काय चुकलंय हे कळायला मात्र मला गेली दोन वर्षं कायदे, नियमावल्या आणि जुने अहवाल वाचावे लागले. जमिनीचे प्लॉट कसे पाडावेत हा विषय रुक्ष समजला जातो. पण महाराष्ट्रातली लाखो माणसं कुठल्या गल्लीत राहतात, त्यांच्या दारात पाणी तुंबतं की वाहून जातं, बँक त्यांना उभं करते की नाही, हे याच विषयानं ठरवलं आहे.

मान यांचं गाव

तुकड्यांची चिंता आपल्याकडे शेतापासून सुरू झाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर फिरून अभ्यास केला आणि तो १९१७ साली प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी जमीनधारणा ४० एकरांची होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. वाटण्या होत होत्या, बांध वाढत होते, एकाच माणसाची जमीन चार ठिकाणी विखुरत होती. दख्खनच्या शेतीचं दुखणं या आकड्यांत सरकारला दिसलं.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तुकडा लहान आहे एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही, त्यावर किती माणसांचा भार आहे आणि त्याच्या जोडीला भांडवल व अवजारं किती आहेत हे बघा, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, असं त्यांचं उत्तर होतं. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणांचं विधेयक आलं तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला.

तरीही १९४७ मध्ये तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा आला. प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. त्याहून लहान तुकडा पाडायचा नाही, आधीच पडलेला तुकडा विकायचा तर लगतच्या खातेदारालाच. शेतीपुरता त्यामागचा हेतू चांगला होता. पण शहरं शेतांवर चालून येऊ लागली तसा हाच कायदा घराच्या जागेच्या आड उभा राहिला. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि मान यांनी जिथे बांध मोजले तिथे टोलेजंग सोसायट्या आहेत.

आधी रस्ता, मग प्लॉट

अनुभवातून शिकून मुंबईनं एक दुसरी रीतही तोपर्यंत घालून दिली होती. १८९६ च्या प्लेगनं दाट वस्त्यांची किंमत दाखवून दिली. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झालं. दादर-माटुंग्याची आखणी त्याची. तिथे आधी रस्ते आणि बागा आखल्या गेल्या, मग प्लॉट दिले गेले. तिथल्या पाच उद्यानांच्या भोवती आजही सावलीत चालता येतं, कारण ती जागा विक्रीच्या यादीत कधी आलीच नाही.

१९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा या विषयातला देशातला पहिला कायदा. त्यातली नगररचना योजनेची पद्धत मला फार शहाणी वाटते. शेजारशेजारच्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. वेडेवाकडे बांध पुसायचे. रस्ते, मैदानं, शाळांच्या जागा बाजूला काढायच्या. उरलेली जमीन चौकोनी करून ज्याची त्याला परत द्यायची. जमीन घटते, पण रस्त्याला लागते म्हणून तिचं मोल वाढतं. पार्ले-सांताक्रूझच्या पत्त्यांतलं ‘टी.पी.एस.’ आणि पुण्यात शिवाजीनगरच्या पत्त्यांतला ‘फायनल प्लॉट नंबर’ या पद्धतीची खूण आहे. पत्ता लिहिताना आपण तो नंबर सवयीनं लिहितो. त्यामागे कुणीतरी आपल्या जमिनीतला काही भाग सगळ्यांसाठी सोडलेला असतो.

चाळीस गुंठ्यांचा हिशेब

मग मामांना जागा विकणाऱ्या शेतमालकानं असं का केलं नाही? मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला.

एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. रान चौरस धरलं तर एक बाजू सुमारे २०९ फूट. त्यात दहा-दहा फुटांच्या दोन गल्ल्या काढल्या तर चार गुंठेही जात नाहीत. विकायला छत्तीस गुंठे उरतात. बॉलपेनचा नकाशा अगदी याच हिशेबाचा आहे.

आता मंजूर लेआउट करून पाहू. आज मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली चालते. तिच्यानुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा ठेवावी लागते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे तो जेमतेम या नियमात बसतो. चार गुंठे तिथे गेले. आतला रस्ता ९ मीटरचा, लांबी वाढली की आणखी रुंद. त्याच दोन गल्ल्या ९ मीटरच्या केल्या तर सुमारे साडेअकरा गुंठे जातात. विकायला उरतात साडेचोवीस. त्यातच मोजणीची फी, विकास शुल्क, रस्ता आणि गटाराचा खर्च, शिवाय मंजुरीसाठी घातलेले महिने.

छत्तीस आणि साडेचोवीस यांच्यातले साडेअकरा गुंठे हाच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठा-गुंठा विकताना, ते साडेअकरा गुंठेही विकले जातात. विकत घेणाऱ्याला वाटतं, आपल्याला जागा स्वस्तात मिळाली. खरं तर मुलांचं मैदान, पावसाच्या पाण्याची वाट आणि अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता त्यानं आपल्या एका गुंठ्याच्या किमतीत गमावलेला असतो.

मामांनी जागा घेतली त्या काळात शहरात कायदेशीर लहान प्लॉट मिळणंही अवघड होतं. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानं मोठ्या शहरांतल्या मोकळ्या जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आणली होती. महाराष्ट्रात तो २००७ मध्ये संपला. मधल्या तीस वर्षांत गिरणीतून, एमआयडीसीतून, एसटीतून महिन्याचा पगार आणणाऱ्या माणसाला परवडणारी जागा एकच होती, ती म्हणजे हद्दीबाहेरचा एक गुंठा. तुकडेबंदीमुळे त्याचं खरेदीखत होत नसे, म्हणून नोटरी. जिथे नावं लागली तिथे एका सातबाऱ्यावर पन्नास-पन्नास नावं ‘सामाईक’ म्हणून चढली. एकाला कर्ज काढायचं तर बाकी एकोणपन्नास जणांची संमती कुठून आणायची?

दंड आणि माफी

अशा वस्त्या इतक्या वाढल्या की राज्याला वेगळा कायदा करावा लागला. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम २००१ नं १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारी प्लॉटना शुल्क भरून नियमित होण्याची वाट दिली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. नागपूर सुधार प्रन्यासच्या हद्दीतल्या ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ या नावांनीच वस्त्या ओळखल्या जातात आणि ‘आर.एल. मिळालं का?’ हा तिथला रोजचा प्रश्न आहे. आर.एल. म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र.

तुकडेबंदी कायद्याचीही तीच वाट झाली. २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून तुकड्यांचे व्यवहार नियमित करायची सोय झाली. काही वर्षांनी ती रक्कम ५ टक्क्यांवर आणली गेली. मधल्या काळात, जुलै २०२१ मध्ये, नोंदणी विभागानं परिपत्रक काढून मंजूर लेआउटशिवाय एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवणं थांबवलं. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे झालं. २०२५ मध्ये नागरी भागातले ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे तुकड्यांचे व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचा निर्णय झाला.

या माफीचं मला मनापासून स्वागत करावंसं वाटतं. ज्यानं आयुष्याची पुंजी घातली त्याचं नाव कागदावर आलंच पाहिजे. पण माफीनं नाव येतं, रस्ता रुंद होत नाही. सांगलीचं शामरावनगर पाहा. सखल भागात गुंठ्या-गुंठ्यानं वस्ती वाढली, पाण्याच्या निचऱ्याची वाट राहिली नाही आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने प्लॉटमध्ये पाणी साचून राहतं. तिथली घरं नियमित करता येतील. पाण्याला मात्र नाला लागतो.

मामांच्या गल्लीत वेगळाच पेच आला. मूळ शेतकरी वारला, सातबाऱ्यावर मुलांची नावं लागली. छत्तीस प्लॉट विकले गेले होते, पण गल्ली कुणालाच विकलेली नव्हती, म्हणून कागदोपत्री ती त्या मुलांचीच राहिली. त्यांनी कोपऱ्यावरचा पट्टा एका दुकानदाराला द्यायचं ठरवलं. मंजूर लेआउटमध्ये रस्ते स्थानिक संस्थेच्या ताब्यात जातात. इथे रस्ता म्हणजे फक्त सवय होती, हक्क नव्हता. सगळ्यांनी वर्गणी काढून तो पट्टा परत विकत घेतला. ज्या रस्त्यावरून वीस वर्षं चालले, त्याचे पैसे त्यांनी दुसऱ्यांदा मोजले.

लहान प्लॉटला दार हवं

इतकं वाचून माझं मत पक्कं झालं आहे. आपल्या कायद्यांनी तुकड्याच्या आकाराकडे पाहिलं आणि तुकड्यांच्या मधल्या जागेकडे पाहायचं राहून गेलं. अर्ध्या गुंठ्यावरही माणूस सुखानं राहू शकतो, पण त्याच्या दारासमोर रस्ता आणि रस्त्याखाली गटार असेल तरच.

नियमावलीत याचं बीज आहे. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के क्षेत्र ३० ते ५० चौरस मीटरच्या लहान प्लॉटसाठी ठेवण्याची तरतूद आहे. ३० चौरस मीटर म्हणजे गुंठ्याचा एक तृतीयांशही नव्हे. म्हणजे लहान प्लॉट कायद्याला मान्य आहे. तो जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावालाही मिळायला हवा. एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्याला एकट्यानं लेआउट परवडत नाही, तिथे शेजारच्या दहा जणांनी जमीन एकत्र आणावी आणि नगरपालिकेनं आधी रस्ते आखून द्यावेत. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर एकत्र केले आणि शहर उभं केलं. तेच तत्त्व दहा एकरांवरही चालेल. आणि जागा घेणाऱ्यानं आपल्या प्लॉटच्या आधी रस्त्याचा सातबारा मागावा.

तीन वर्षांपूर्वी मामींना रात्री अर्धांगाचा झटका आला. गल्ली कागदावर दहा फूट. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या आणि ओटे धरून उरलेली सात फूट. रुग्णवाहिका तोंडाशीच थांबली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी मामींना मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. त्या वाचल्या. पंधरा दिवसांनी मामांनी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं, डब्यातला नकाशा काढून दाखवला आणि म्हणाले, “हे दहा फूट आपलेच आहेत, आपणच खाल्ले.” मग स्वतःच्या ओट्यावर पहिला घण त्यांनीच घातला. पुढच्या महिन्याभरात अठरा ओटे मागे गेले.

नकाशातली ती पट्टी आता जमिनीवर पुरती दहा फूट आहे. मंजूर लेआउटमध्ये ती तीस फूट असती.