हँडल ओढलं, आणि हलेचना!

अमेरिकेत एमएस करताय. सुट्टीत चौघांनी मिळून ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घेतलाय, यलोस्टोन बघून झालंय. आता डंप स्टेशनवर पाइप जोडून ब्लॅक टँकचं, म्हणजे टॉयलेटच्या टाकीचं हँडल ओढताय, तर ते जाम! मागे गाड्यांची रांग, मालकाला फोन करावा तर रेंज नाही.

पहिली गोष्ट, हिसका देऊ नका. आत एक पातळ पाती दोन रबरी सीलच्या मधून सरकते. खाचेत कागद वाळून बसतो, सील कोरडं पडतं. जोर केलात तर दांडा हातात येईल, पाती तिथेच! रांगेतून बाजूला व्हा. टाकीत जागा असेल तर कमोडमधून कोमट पाणी ओता, रात्रभर राहू द्या. दांड्याला सिलिकॉन स्प्रे मारून हळूहळू आत-बाहेर करा. साधं ग्रीस नको, ते रबर खराब करतं. काही ट्रेलरमध्ये हँडलपासून केबल जाते. कधी कधी गंजलेली तीच असते.

तरी हलेना? मग व्हॉल्व्ह बदलायचा. चार बोल्ट, दोन नवी सील, बस्स. पण टाकी भरलेली असताना बोल्टला हातही लावू नका. (का, ते सांगायलाच हवं का?) आधी पंपवाला बोलवून वरून उपसून घ्या. पैसे जातील, जाऊ देत.

आणि मुक्कामात हा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं, बाकीचं आत साचतं. टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, मग आधी ब्लॅक सोडा, नंतर साबणाच्या पाण्याची ग्रे. पाइपही धुऊन निघतो.