जुन्या शिडाच्या होडीची गळती : शोध व दुरुस्ती

मुंबईतील नायगावच्या बी. डी. डी. चाळींत कोकणातून आलेली कामगार कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली. त्यांतील कित्येकांच्या गावी खाडीकाठी शेतीच्या जोडीला लाकडी होडी असे. अशी जुनी होडी मे महिन्यात किनाऱ्यावर ओढली, की तिची गळती शोधण्याची हीच योग्य वेळ होय. महाराष्ट्रात पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी काही काळ बंद असते, आणि एकदा पाऊस लागला की लाकूड सुकत नाही. दुर्लक्षित फट भर समुद्रात जाळे व माणसे दोन्ही धोक्यात घालते.

होडीत पाणी जेथे साचते तेथूनच ते शिरते, असे मानू नये. ते आतील फासळ्यांच्या कडेने वाहत दूर जाते. प्रथम साचलेल्या पाण्याचा थेंब जिभेस लावून पाहावा. खारट लागल्यास गळती बहुधा तळात असते. गोडे असल्यास ते वरच्या फळ्यांतून आलेले पावसाचे पाणी असण्याचा संभव असतो. पावसाळ्यात मात्र खाडीचे पाणीच गोडसर होत असल्याने ही खूण फसवी ठरते.

नंतर होडी ओंडक्यांवर नीट टेकवावी, आत वीतभर गोडे पाणी भरावे व बाहेरून पाहावे. जेथे थेंब दिसेल तेथे कोळशाने खूण करावी. अधिक पाणी भरू नये; त्याच्या भाराने फळ्यांचे सांधे उघडतात. खिळ्यांभोवती लाकूड काळे पडले असल्यास खिळा गंजला असे समजावे. संशयित जागी आरी टोचावी. ती सहज आत गेल्यास फळी कुजली आहे किंवा लाकूड पोखरणाऱ्या सागरी जीवाने ती पोकळ केली आहे. अशी फळी बदलावी. तीत कापूस भरून उपयोग नाही.

सांधा गळत असल्यास जुना कापूस पूर्ण काढून फट सुकवावी. सुताच्या वळलेल्या पेळूने ती बोथट पटाशीने भरावी व वरून राळ आणि तेल यांचे मिश्रण लावावे. कापूस फार घट्ट ठोकू नये, कारण पाण्यात लाकूड फुगून फळ्यांवर ताण येतो. राळ पेट घेते; ती होडीपासून दूर, वाळूवर वितळवावी.

दीर्घकाळ सुकलेली होडी पाण्यात घालताच थोडी झिरपते. एक-दोन दिवसांत फळ्या फुगून पाणी थांबते. न थांबल्यास पुन्हा शोध घ्यावा.

चांगले लाकूड व वेळेवरची निगा यांचे फळ मोठे असते. मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेली ट्रिंकोमाली युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. ग्रामसेवकांनी ही माहिती होडीमालकांपर्यंत पाऊस लागण्यापूर्वीच पोहोचवावी.